मुलग्यांना मोजायला पैसा लागतो

मित्रहो,

किशोरवयीन गर्भधारणेचा आकडा आपल्यासमोर येतो तो नेहमी एकाच रूपात: १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे इतके जन्म. अमेरिकेत १९९१ साली हा आकडा ६१.८ होता आणि २०२३ पर्यंत तो १३ च्या आसपास उतरला. तीन दशकांतली ही मोठीच कमाई आहे. तिचं श्रेय मुख्यतः चांगल्या गर्भनिरोधकांना आणि त्यांच्या वाढलेल्या वापराला जातं. पण या आकड्यात मुलगा कुठेच दिसत नाही. दर हजार मुलग्यांमागे किती जण बाप झाले, हे कुणी सहज सांगत नाही, कारण तो हिशेब कुणी नीट ठेवलेलाच नाही. आज मला बोलायचं आहे ते या हिशेबावर आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशावर.

अमेरिकेत कुटुंबनियोजनाची माहिती गोळा करणारं राष्ट्रीय सर्वेक्षण १९७३ साली सुरू झालं. त्यात पुरुषांना प्रश्न विचारायला सुरुवात झाली ती २००२ साली. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं प्रजननाविषयीची सगळी धोरणं फक्त बायकांच्या उत्तरांवर उभी होती. मधल्या काळात, १९८८ साली, फ्रेया सोनेनस्टाइन, जोसेफ प्लेक आणि लेइटन कू या संशोधकांनी १५ ते १९ वयाच्या मुलग्यांचं देशव्यापी सर्वेक्षण केलं. एड्सच्या भीतीचे ते दिवस होते. मुलगे कंडोम वापरतात का, हा प्रश्न एकाएकी सगळ्यांना महत्त्वाचा वाटू लागला होता. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मुलग्यांवरच्या संशोधनाला पैसा मिळाला तो बऱ्याचदा असा दुसऱ्याच एखाद्या भीतीपोटी.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात झालेला एक अभ्यास हे त्याचं ठळक उदाहरण. संशोधक जेमट दांपत्य आणि त्यांचे सहकारी जेफ्री फाँग यांनी १५७ कृष्णवर्णीय मुलग्यांवर एक कार्यक्रम तपासला आणि १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्यक्रम अवघ्या पाच तासांचा होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. एका गटाला एड्सपासून बचावाचं शिक्षण दिलं, दुसऱ्याला करिअरविषयी मार्गदर्शन. तीन महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटातल्या मुलग्यांचं धोक्याचं लैंगिक वर्तन कमी होतं. त्यातूनच ‘बी प्राउड! बी रिस्पॉन्सिबल!’ हा अभ्यासक्रम उभा राहिला आणि पुढे सरकारच्या ‘सिद्ध झालेल्या’ गर्भधारणा-प्रतिबंधक कार्यक्रमांच्या यादीतही आला. मुलग्यांशी नीट बोललं तर ते ऐकतात, याचा पुरावा तेव्हाच मिळाला होता. पण त्या पुराव्याचा पाठपुरावा तीन महिन्यांचा. वर्षभरानंतर काय राहिलं, दोन वर्षांनी काय राहिलं, हे विचारायला जास्त पैसा लागतो.

हा पैसा नेमका कुठे जातो, ते जरा जवळून पाहू. समजा, प्रश्नावलीत एक प्रश्न आहे: ‘तुझ्यामुळे कुणाला दिवस गेले आहेत का?’ खाली तीन चौकोन आहेत, हो, नाही आणि माहीत नाही. मुलीच्या बाबतीत तिसऱ्या चौकोनाला फारसा अर्थ नसतो. सतरा वर्षांच्या मुलग्याच्या बाबतीत तोच चौकोन सगळ्यात प्रामाणिक असू शकतो. संबंध तुटलेला असतो, मुलीने सांगितलेलं नसतं, किंवा सांगितलेलं असतं आणि याने ते मनाच्या तळाशी ढकललेलं असतं. मायकेल रेंडाल आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिका आणि ब्रिटनमधली सर्वेक्षणं तपासली. विवाहाबाहेर किंवा आधीच्या विवाहात झालेल्या मुलांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या मुलांची नोंद पुरुषांच्या उत्तरांतून गळालेली आढळली. काही पुरुषांनी सांगितलंच नाही, आणि ज्यांनी सांगितलं असतं असे कित्येक जण सर्वेक्षणाच्या यादीतच आले नव्हते. अशा आकड्यांवर कार्यक्रमाचं यश किंवा अपयश ठरवायचं म्हणजे वाळूवर भिंत बांधणं आहे.

म्हणून संशोधक गर्भधारणा थेट मोजायचं टाळतात आणि ‘शेवटच्या वेळी कंडोम वापरला होता का’ असं काहीतरी मोजतात. ते समजण्यासारखं आहे. पण त्यामागे दुसरं एक कारणही आहे, संख्येचं. समजा, वर्षभरात शंभरातल्या तीन मुलग्यांमुळे गर्भधारणा होते आणि कार्यक्रमाने हे प्रमाण दोनवर आणलं. हा फरक नशिबाचा नसून कार्यक्रमाचा आहे, हे खात्रीने सांगायचं तर दोन्ही गटांत मिळून साडेसात हजारांहून जास्त मुलगे हवेत. आणि ते वर्षभर टिकायला हवेत. घर बदललं, फोन नंबर बदलला, शाळा सुटली की मुलगा यादीतून गळतो. ज्यांचं आयुष्य सर्वात अस्थिर, तेच सर्वात आधी गळतात, आणि कार्यक्रम असतो नेमका त्यांच्यासाठी. त्यांना शोधून काढणारी माणसं नेमणं हा अनुदानाच्या अर्जातला सगळ्यात नीरस रकाना आहे. काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते.

ब्रिटनमध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या मारिया लोहान यांच्या नेतृत्वाखाली ६६ शाळांमध्ये ‘जॅक’ नावाची चाचणी झाली. सार्वजनिक निधीतून झालेल्या या चाचणीत आठ हजारांहून जास्त विद्यार्थी होते. वर्गात एक संवादात्मक चित्रफीत दाखवली जायची. त्यातल्या जॅकची मैत्रीण गरोदर आहे. मुलग्यांनी त्याच्या जागी स्वतःला ठेवून विचार करायचा. २०२२ साली निष्कर्ष आले. असुरक्षित संबंध टाळण्यात चित्रफीत पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या गटांमध्ये ठोस फरक दिसला नाही. ज्ञान, दृष्टिकोन आणि इरादे मात्र सुधारले होते.

अशा निष्कर्षावर ‘पैसा वाया गेला’ म्हणणारे भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांमध्ये वर्तनाचा फरक वर्षभरात दिसेलच, ही अपेक्षा किती रास्त होती, हा प्रश्न आता आपण विचारू शकतो तो त्या चाचणीमुळेच. चाचणी छोटी आणि स्वस्त असती तर एखादा चमकदार आकडा योगायोगाने हाती आला असता आणि शेकडो शाळांनी तो खरा मानला असता.

आता अनुदानाच्या रचनेबद्दल. अमेरिकेत २०१० साली किशोरवयीन गर्भधारणा प्रतिबंधाचा संघराज्य कार्यक्रम सुरू झाला, दरसाल सुमारे १० ते ११ कोटी डॉलरचा. त्यातले किमान साडेसात कोटी आधीच सिद्ध झालेले कार्यक्रम नव्या जागी राबवायला आणि किमान अडीच कोटी नव्या कल्पना तपासायला, अशी विभागणी. रचना चांगली आहे. पहिल्या फेरीत ४१ मूल्यमापनं झाली आणि त्यांतल्या १२ मध्ये वर्तनावर चांगला परिणाम दिसला. उरलेल्यांचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले, हे मला फार मोलाचं वाटतं. पण मोठा वाटा ‘सिद्ध’ यादीला जातो, तेव्हा जे अजून तपासलंच गेलेलं नाही ते मागे पडतं. खास मुलग्यांसाठीचे, मुलग्यांवरच तपासलेले कार्यक्रम थोडेच. पुरावा नाही म्हणून पैसा नाही आणि पैसा नाही म्हणून पुरावा नाही. हे चक्र तोडायचं तर काही रक्कम मुलग्यांसाठी राखूनच ठेवावी लागते.

आणि ती मधूनच काढून घ्यायची नसते. जुलै २०१७ मध्ये याच कार्यक्रमातल्या ८१ संस्थांना कळवण्यात आलं की तुमचं पाच वर्षांचं अनुदान दोन वर्षं आधीच संपेल. पुढच्या वर्षी न्यायालयांनी ते बेकायदा ठरवलं. असल्या संशोधनाचं पहिलं वर्ष शाळांच्या परवानग्या, पालकांची संमती आणि प्रशिक्षकांची तयारी यांत जातं. मुलं भरती होतात ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. तिसऱ्या वर्षानंतर पैसा तोडला तर हाती राहतात अर्धवट प्रश्नावल्या, आणि ज्यांनी आपल्या आयुष्यातली सर्वात खासगी गोष्ट आपल्याला सांगितली त्या मुलग्यांना दिलेला शब्दही मोडतो.

एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो मी गंभीरपणे घेतो: मुलग्यांना पैसा दिला तर मुलींच्या दवाखान्यांचा कमी होईल. तो कमी होता कामा नये. गर्भ वाढतो तो मुलीच्या शरीरात, शिक्षण बहुतेकदा सुटतं ते तिचं, आणि गर्भनिरोधक तिच्या हाताशी असणं याला कशाचाच पर्याय नाही. म्हणून माझी मागणी संशोधनाच्या निधीपुरती आहे. सेवांच्या पैशाला हात न लावता, जे अनुदान मूल्यमापनासाठीच आहे त्यात मुलग्यांच्या दीर्घ पाठपुराव्याचा वेगळा रकाना असावा, निदान दोन वर्षांचा, आणि तो नंतर कापता येणार नाही अशी अट करारातच घातलेली असावी.