सुमो, धुराचा खोका आणि चिकटणारी चिठ्ठी
(रत्नागिरीतल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, एवढ्या पावसात आलात, म्हणजे एकतर विज्ञानाची गोडी आहे, नाहीतर घरी लाईट गेलीय. मला दोन्ही चालेल.

पत्रिकेत 'सुमो' वाचून मघाशी एकाने विचारलं, "सर, गाडीवर बोलणार?" गाडीचंही सांगतो. टाटांची सुमो १९९४ ची, सुमंत मुळगावकरांच्या नावातला 'सु' आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'मो' घेऊन केलेली. पण आजचा विषय आपल्या पेशीतलं सुमो नावाचं प्रथिन. त्याला हे नाव मिळालं १९९७ साली, 'स्मॉल युबिक्विटिन-लाईक मॉडिफायर'ची आद्याक्षरं जोडून, म्हणजे युबिक्विटिन या प्रथिनासारखंच दुसऱ्या प्रथिनांना चिकटून त्यांच्यात बदल करणारं छोटं प्रथिन. कुस्तीशी दोघांचाही संबंध नाही. गाडीत हातखंब्यापर्यंत चौदा जण कोंबलेले मी पाहिलेत, प्रथिन मात्र जेमतेम ९७ अमिनो आम्लांचं.

आता माझा हट्ट. युबिक्विटिन म्हणजे पेशीतली भंगाराची चिठ्ठी, चिकटली की प्रथिन मोडीत, असं आपण शिकलो. त्या शोधाला २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, सिचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना. पण त्यापायी सुमोसकट सगळं घराणंच भंगारवालं ठरतं, हे मला सोसत नाही. चिठ्ठी काय करणार हे ती कुणी लावली, कशावर लावली आणि कुणी वाचली यावर ठरतं. मला हे कळलं ते फार उशिरा, आणि एका खोक्यामुळे.

कॉलेजात छोटंसं अनुदान मिळालं होतं. त्यातून ५० मायक्रोग्रॅम मानवी सुमो-१ मागवलं. खोका कोरड्या बर्फात निघाला, आंबा घाटात दरड कोसळली, आणि शनिवारी संध्याकाळी कुरियरवाल्याचा फोन. "सर, पार्सलमधून धूर येतोय. वर 'ह्यूमन' लिहिलंय. माणसाचं काय आहे हो आत?"

"प्रोटीन."

"जिमवाल्यांचं?"

"नाही हो. मिठाच्या कणाएवढं असेल."

"मग एवढा खोका कशाला?"

घाबरून त्याने खोका पडवीत काढून ठेवला आणि दुकान बंद करून गावी गेला. सोमवारी मी पोचलो तेव्हा बर्फ संपलेला. कोरडा बर्फ उणे ७८ अंशाला थेट वायू होतो, पाणी होतच नाही. त्यामुळे डब्यात ओलसुद्धा नव्हती, भांडायला पुरावा काय दाखवणार?

तरी जेल चालवलं, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करणारी चाळणी म्हणा. अकरा-बारा किलोडाल्टनचा (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) माल, पट्टा सतराच्या आसपास! चुकीची बाटली पाठवली म्हणून कंपनीला दोन पानी खरमरीत पत्र धाडलं. उत्तर एका ओळीचं: सुमो जेलवर असंच जड दिसतं, सोबतचा कागद वाचावा. (कागद खोक्यातच होता. घरी सांगू नका.)

पुढे खरा प्रयोग. सुमो दुसऱ्या प्रथिनाला चिकटायला हवं ते चिकटेना. दोन महिने मी येईल-जाईल त्याला कुरियरवाल्याच्या नावाने ऐकवत होतो. शेवटी एका विद्यार्थिनीने हळूच विचारलं, "सर, एटीपी केव्हाचं आहे?" एटीपी म्हणजे या कामाचं इंधन. आमचं साध्या फ्रीजरमध्ये होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. नवीन एटीपी आणलं, दुसऱ्या दिवशी पट्टा वर सरकला, म्हणजे प्रथिन जड झालं, सुमो चिकटलं. सुमो पहिल्यापासून ठणठणीत होतं!

...अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, 'पाच मिनिटं'. बघा, कागद तोच, पण मी वाचला म्हणून अर्थ 'आवरा'. तुम्ही वाचली असती तर घड्याळ बघून उठला असता.

तर पटापट. हे बाटलीतलं 'मानवी' प्रथिन माणसातून काढलेलं नसतं. मानवी जनुक गोल डीएनएवर बसवून ई. कोलाय या जिवाणूत घालतात. रायवळाच्या खुंटावर हापूसची काडी, म्हणा ना. उपमा थोडी लंगडी आहे, कलमाची कोय रुजवली तर हापूसच येईल याचा भरवसा नाही, जिवाणू मात्र ते वर्तुळ पिलांना देत जातो. त्या जिवाणूत सुमोची यंत्रणा मुळात नसतेच, म्हणून नुसतं, कशालाही न चिकटलेलं सुमो हाती येतं.

चिकटायचं तर सुमोच्या टोकाला ग्लायसिन या अमिनो आम्लाचे दोन मणी उघडे हवेत. मूळ साखळी १०१ ची, शेवटचे चार कापले की ते उघडे पडतात. मग ई-१ हे विकर (एन्झाइम) एटीपी जाळून सुमोला चेतवतं, ई-२ हे दुसरं विकर, म्हणजे यूबीसी-९, ते पुढे नेतं, आणि दुसऱ्या प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लावर जोड बसतो. रॅनगॅप-१ नावाच्या प्रथिनाला सुमो लागलं की ते केंद्रकाच्या दारावर जाऊन बसतं. भंगारात जात नाही, पत्ता बदलतो! सुमोचा युबिक्विटिनशी क्रम जुळतो जेमतेम १८ टक्के, घडी मात्र तीच. पेशीत हजार गोष्टी एकदम चालतात, नळीत मोजून चार टाकल्या की कुणामुळे काय झालं ते दिसतं. शुद्ध प्रथिन विकत घ्यायचं ते याचसाठी. उणे ८० ला ठेवायचं, लहान वाटण्या करून, म्हणजे सारखं वितळवावं लागत नाही.

वेळ संपला. जेलचा फोटो खिशात आहे, चहाच्या वेळी दाखवतो. आणि तो थर्मोकोलचा खोका अजून आमच्याकडे आहे, मिरकरवाड्याहून बांगडे त्यातूनच येतात.