तारेची दुसरी रात्र

[अंधार. पंख्याची घरघर. लांबून लोकलचा आवाज.]

रात्रीचे पाऊण वाजलेत. ठाण्यातलं दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत आठवीतली एक मुलगी टक्क जागी आहे. काल संध्याकाळी तिच्या दातांना तारा लागल्या. काल रात्री नुसतंच जड वाटत होतं, आज मात्र वरचा दात खालच्या दाताला टेकला तरी कळ थेट मस्तकात जाते. जेवायला मऊ भात आणि वरण होतं, तेही तिने जिभेनेच टाळूवर दाबून गिळलं.

शेजारच्या गादीवर तिचा नऊ वर्षांचा भाऊ आहे. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, जोरात घोरणं चालू. आजीचं त्याच्याबद्दल एकच म्हणणं असतं, "हा बघा आमचा कुंभकर्ण. कानाशी ढोल वाजवा, उठायचा नाही."

या घरात झोप कुणाची बिघडली आहे, असं आत्ता विचारलं तर सगळे मुलीकडेच बोट दाखवतील. तिच्यापासूनच सुरुवात करू.

[दाताच्या मुळाचं रेखाचित्र. मुळाभोवतीचा पातळ पडदा हळूहळू दाबला जातो.]

दात जबड्यात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ पडदा असतो, त्यावर दात जणू टांगलेला असतो. तार ओढू लागली की पडद्याची एक बाजू दबते आणि दुसरी ताणली जाते. दबलेल्या बाजूला रक्तपुरवठा कमी होतो, सूज येते आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं स्रवतात. हीच रसायनं हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतात, आणि दुखवतातही हीच. दात सरकण्याची आणि ठणक्याची सुरुवात अशी एकाच ठिकाणी होते. वेगाचं म्हणाल, तर महिन्याला साधारण एक मिलिमीटर.

हे दुखणं वेळापत्रक पाळतं. तार बसवल्यावर काही तासांनी ते सुरू होतं, साधारण चोवीस तासांनी शिगेला पोहोचतं आणि आठवडाभरात विरतं. म्हणजे रुसते ती पहिली रात्र नव्हे, दुसरी. अनुभवी आया म्हणूनच तार घट्ट करायला शुक्रवारची वेळ मागून घेतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी रात्री झोपताना, दुखणं वाढायच्या आधी घेतली तर बरा उपयोग होतो. कुशीवर वळलं की गालाची आतली बाजू ब्रॅकेटमध्ये, म्हणजे तार धरणाऱ्या, दातावर चिकटवलेल्या तुकड्यात, अडकते. त्यासाठी ब्रॅकेटवर मेणाची एवढीशी गोळी दाबून बसवली की पुरते. आजी लवंगेचं तेल घेऊन उभी असते, पण हे दुखणं किडीचं नाही. लवंग बिचारी इथे काय करणार!

[काचेच्या डबीत ठेवलेली प्लास्टिकची उपकरणं.]

काढता-घालता येणारी उपकरणं निराळा त्रास देतात. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये ट्विन ब्लॉक नावाचं असं एक उपकरण तयार केलं. दोन ठोकळे अशा उतारावर बसवलेले असतात की तोंड मिटताना खालचा जबडा आपोआप पुढे यावा. ते घालून झोपलं की पहिले काही दिवस लाळ गळते, उशी भिजते, सकाळी जबडा आखडतो. काही मुलं झोपेतच ते काढून पांघरुणात टाकतात आणि मग सकाळी घरभर शोधाशोध. तोंडाला सवय झाली की हे थांबतं.

दोन-तीन रात्री गेल्या, जाऊ देत. तारेने हिरावलेली झोप परत मिळते.

[दवाखान्याचा जिना. पहिला मजला. बाकावर आई, मुलगी आणि भाऊ.]

पाचव्या दिवशी एक ब्रॅकेट निघालं म्हणून मुलगी पुन्हा दवाखान्यात आली आहे. भावाला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून तोही सोबत. तो बाकावर मोबाईलमध्ये गुंग आहे. ओठ उघडे, डोळ्यांखाली काळसर छटा. डॉक्टर मुलीचं काम उरकतात, हातमोजे काढतात आणि आईला विचारतात, "हा रात्री घोरतो का हो?"

आईला हसू येतं. "घोरतो ना! गाढ झोप आहे त्याची."

आपल्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज इतका मुरलेला आहे की घोरणाऱ्या मुलाचं कौतुकच होतं. झोपेत दात खाल्ले की जंतांवर खापर फुटतं. अंथरूण ओलं झालं की मुलाला लाजवलं जातं. मुलांच्या झोपेत श्वास अडतो तेव्हा नेमक्या याच खुणा दिसू शकतात: रोजचं घोरणं, उघडं तोंड, घामाने भिजलेली उशी, मागे टाकलेली मान, सकाळी उठताना डोकेदुखी. मोठा माणूस दिवसा पेंगतो. मूल बहुतेकदा पेंगत नाही, उलट जास्तच उड्या मारतं, चिडतं, वर्गात लक्ष देत नाही. मग तक्रार जाते ती त्याच्या वागण्याची.

"आ कर. जीभ बाहेर काढ."

घशात किती जागा दिसते यावरून तोंडाचे वर्ग पाडण्याची पद्धत १९८५ मध्ये बोस्टनमधले भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपती यांनी मांडली. ते मूळचे आंध्रचे. त्यांना हवा होता तो भूल देताना नळी सहज जाईल की नाही याचा अंदाज. आज तीच नजर झोपेचे डॉक्टर वापरतात आणि दातांचेही. मुलाच्या घशात टॉन्सिल सुपारीएवढे फुगलेले आहेत. वरची टाळू अरुंद आणि खोल आहे.

[टाळूची प्रतिकृती. मागून नाकपुडीचा छेद.]

टाळू म्हणजे तोंडाचं छत. तेच नाकाची जमीनही असतं. छत अरुंद, तर वरची खोलीही अरुंद. खालचा जबडा लहान किंवा मागे असेल, तर जिभेला पुढे जागा नसते आणि झोपेत स्नायू सैलावले की ती मागे घशाकडे सरकते. पॅरिसचे पियेर रोबँ यांनी १९२३ मध्ये अशा तान्ह्या बाळांचं वर्णन केलं होतं, ज्यांचा जबडा इतका लहान की जीभ मागे पडून श्वास अडतो. त्याच रोबँ यांनी त्याआधी, १९०२ मध्ये, जबडा पुढे धरणारं उपकरणही बनवलं होतं. ट्विन ब्लॉक त्याच कुळातलं.

टाळू रुंद करण्याची कल्पना तर आणखी जुनी. १८६० मध्ये अमेरिकेत एमर्सन एंजेल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवला. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट पडली. टाळूची दोन हाडं मधल्या शिवणीवर वेगळी झाल्याची ती खूण होती. त्या काळी फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांनी हे तंत्र पुन्हा पुढे आणलं. आज आई-बाबाच घरी छोट्या किल्लीने स्क्रू फिरवतात, एका वेळी साधारण पाव मिलिमीटर. किशोरवय सरता सरता ती शिवण घट्ट होत जाते, मग नुसत्या किल्लीने भागत नाही.

इथे जरा थांबायला हवं, कारण इथेच जाहिरात सुरू होते. "टाळू रुंद करा, घोरणं थांबवा, मार्क वाढवा." टाळू खरोखरच अरुंद असलेल्या काही मुलांमध्ये ती रुंद केल्यावर श्वास अडण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसतं, हे खरं. पण दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सने, २०१९ मध्ये या विषयाचा आढावा घेतला. पुढे कधी श्वास अडू नये म्हणून आधीच टाळू रुंद करण्याला आधार नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तारेसाठी दाढांपुढचे दात काढले की श्वासमार्ग आकसतो आणि आजार जडतो, ही भीतीही त्यांनी खोडली. दातांच्या डॉक्टरांनी संशय ओळखावा, निदान मात्र वैद्यकीय डॉक्टरांनी करावं, अशी त्यांची विभागणी आहे. मला ती पटते.

म्हणून आपल्या या डॉक्टरांनी स्क्रूचं नाव काढलेलं नाही. त्यांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी लिहिली आहे. मुलांमध्ये बहुतेकदा पहिला संशय टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइड नावाच्या गाठीवर असतो. निश्चित निदानासाठी रात्रभर सेन्सर लावून झोपेची तपासणी होते. मोठ्यांमध्ये तासाला पाचपासून पुढे अडथळे धोक्याचे धरतात, मुलांमध्ये तासाला एकसुद्धा पुरतो. पण सापडलं की लगेच कापाकाप, असंही नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुलं होती. टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली. नुसती वाट पाहिलेल्यांपैकी ४६ टक्क्यांची.

[आई चिठ्ठी पर्समध्ये ठेवते. जिना उतरताना मुलगा दोन पायऱ्यांची उडी मारतो.]

डॉक्टरांनी आईला एक काम दिलंय. रात्री त्याच्या उशाशी मोबाईल धरायचा आणि दोन मिनिटं चित्रीकरण करायचं. तपासणीची जागा ते घेत नाही, पण तज्ज्ञांपुढे ठेवायला काहीतरी होतं.

[तीच खोली. तोच पंखा.]

आठवी रात्र. मुलगी भिंतीकडे तोंड करून शांत झोपली आहे. संध्याकाळी तिने पोळी खाल्ली, कुस्करून का होईना. आई अंधारात मुलाच्या गादीशी उकिडवी बसली आहे, हातात मोबाईल. आजी दारात उभी.

घोरणं. घोरणं. मग काहीच नाही.

पोट हलतंय, छातीही हलतेय, पण आवाज नाही. आई मनात मोजू लागते. तीन. चार. पाच. सहा. सात. मुलगा मान झटकतो, घशातून एक घुसमटलेला आवाज येतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो.

आजी दाराची चौकट धरून पुढे वाकते. "अगं," ती कुजबुजते, "हा तर मध्येच थांबतोय."