काजीच्या दफ्तरातलं फिक्ह

श्रोतेहो, नमस्कार.

भुसावळहून खंडव्याकडच्या गाडीत बसलं की रावेरनंतर थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी तिथेच होती. औरंगजेबाच्या हुकमावरून हनफी, म्हणजे सुन्नींच्या चार कायदेपरंपरांपैकी एका परंपरेच्या कायद्याचा 'फतावा-ए-आलमगिरी' हा भलामोठा संग्रह तयार झाला. तो करणाऱ्या उलेमांचे, म्हणजे धर्मपंडितांचे, म्होरके होते शेख निजाम, याच बऱ्हाणपूरचे. तेव्हा फिक्ह, म्हणजे इस्लामी कायद्याचं शास्त्र, आपल्या तापीकाठाला नवं नाही.

विद्यापीठांतून या शास्त्राचा अभ्यास बराच काळ ग्रंथांपुरताच चालला. 'हिदाया' या जुन्या हनफी कायदेग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १७९१मध्ये छापलं गेलं आणि कंपनीची कोर्टं त्याच्यावर निवाडे देऊ लागली. एकेका प्रश्नावर चार-चार मतं नोंदवणारं पुस्तक. त्याचा सरकारी कायदा करून टाकला! पुढे १९५०मध्ये अभ्यासक जोसेफ शाख्ट यांनी या शास्त्राच्या उगमाबद्दलच मूलभूत शंका काढल्या. इज्तिहाद, म्हणजे स्वतंत्र बुद्धीने निर्णय काढण्याचा मार्ग, हजारेक वर्षांपूर्वीच बंद झाला, असंही तेव्हा सर्रास मानलं जाई. वाएल हल्लाक या अभ्यासकांनी १९८४मध्ये त्याला आव्हान दिलं आणि वादाला तोंड फुटलं. तो अजून मिटलेला नाही. मला हल्लाक यांची बाजू पटते.

पण गेल्या काही दशकांतली खरी उलथापालथ वेगळीच आहे. अभ्यासक ग्रंथ बाजूला ठेवून काजीचं दफ्तर उघडू लागले.

आपली तापी जिथे समुद्राला मिळते, त्या सुरतेचंच बघा. शिरीन मूसवी यांनी तिथल्या सतराव्या शतकातल्या निकाहनाम्यांचा अभ्यास केला. नवरा त्यात लिहून देतो: दुसरी बायको करणार नाही, मारहाण करणार नाही, खर्चाची सोय न लावता ठरल्या मुदतीपलीकडे परागंदा होणार नाही, रखेल ठेवणार नाही. यातलं काही मोडलं तर बायकोला फारकतीचा रस्ता मोकळा. हे घासाघीस करून ठरलेले करार आहेत. नुसते ग्रंथ वाचून ते आपल्याला कुठून कळणार?

सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की धार. तिथल्या एका हिंदू जमीनदार घराण्याचे कागद नंदिनी चॅटर्जी यांनी लावले. त्यांचं पुस्तक २०२०मध्ये आलं. हे घराणं काजीच्या शिक्क्याचे दस्त करून घेत होतं, पिढ्यान् पिढ्या जपत होतं आणि वतनाच्या भांडणात पुढे टाकत होतं. आपल्याकडे महजर, म्हणजे साक्षीदारांसमोर केलेले निवाड्याचे दस्त, होतच. साक्षीदारांची यादी, कुणाची सही, निरक्षर कुणब्याच्या नावापुढे नांगराची निशाणी. काजीसमोर उभा राहणारा माणूस मुसलमानच असे, असं मुळीच नाही.

बाकी, बँकेचं व्याज, टेस्ट ट्यूब बेबी, अवयवदान यांवरच्या आजच्या फतव्यांवरही भरपूर लिहिलं जातंय. जुने अरबी ग्रंथ संगणकावर आल्यामुळे कुणी कुणाचं वाक्य उचललं तेही चटकन सापडतं.

आपल्याकडे अडचण आहे ती वाचणाऱ्यांची. गावोगावच्या जुन्या काजी घराण्यांत आणि देशमुखांच्या वाड्यांत रुमालात बांधलेले कागद असतील, तर त्यांना फारसीतली शिकस्ता लिपी आणि मोडी, दोन्ही येणारा माणूस लागेल. मोडीचे वर्ग निघतात, फारसीकडे फारसं कुणी वळत नाही. एम.ए.ला इतिहास घेतलेल्या मुलामुलींनी या दोन्ही लिप्या एकदमच शिकायला घ्याव्यात, आणि कागद घरचाच असेल तर तो लॅमिनेट करायला मात्र देऊ नये.