एक जनुक वजा
निवेदन संहिता

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा. मधोमध भ्रूण. डावीकडून काचेची नळी, उजवीकडून सुई.]

डावीकडची नळी भ्रूणाला नुसतं धरून ठेवते. हलकी ओढ देऊन, इजा न करता. हे उंदराचं साडेतीन दिवसांचं भ्रूण आहे, मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. उजवीकडच्या सुईत आहेत दुसऱ्या जातीच्या उंदराच्या दहा-पंधरा मूलपेशी. त्यांतल्या एका जनुकाची एक प्रत आधीच निकामी केलेली आहे. ते एक जनुक वजा असलेला उंदीर घडवायची ही सुरुवात.

सुई आत जाते. एक पेशी... दुसरी... तिसरी...

[दृश्य: दंडांवरचे बीसीजीचे व्रण. लहान मूल, तरुण, म्हातारी बाई.]

हा व्रण आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर आहे. क्षयाविरुद्धची बीसीजीची लस. १९८४ साली जपानमध्ये तोहरू तोकुनागा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बीसीजीच्या जिवाणूतला डीएनए वेगळा काढला आणि उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींवर वापरून पाहिला. गाठींची वाढ रोखली गेली. डीएनए म्हणजे वारशाची माहिती साठवणारा रेणू. तो शरीराच्या संरक्षणदळाला जागं करतो, ही गोष्ट पचनी पडायला वेळ लागला.

१९९५ मध्ये अमेरिकेत, आयोवा विद्यापीठात, आर्थर क्रीग यांच्या गटानं त्या डीएनएमधली खूण दाखवून दिली. सी आणि जी ही दोन अक्षरं लागोपाठ येतात, आणि सीवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचं झाकण नसतं. जिवाणूंमध्ये अशा उघड्या जोड्या भरपूर. आपल्या डीएनएत त्या कमी, आणि आहेत त्या बहुतेक झाकलेल्या. म्हणजे परका कोण, हे सांगणारी खूण मिळाली. पण आपल्या पेशींत ती वाचतं कोण?

[दृश्य: ओसाका विद्यापीठाचा सुइता परिसर. सायकली, इमारती.]

जपानमधलं ओसाका विद्यापीठ. इथल्या सूक्ष्मजीवजन्य रोगांच्या संशोधन संस्थेत शिझुओ अकिरा यांचा गट काम करत होता. माशीमध्ये टोल नावाचं जनुक बुरशीपासून संरक्षण करतं, हे १९९६ मध्ये फ्रान्समध्ये कळलं होतं. उंदीर आणि माणूस, दोघांतही टोलसारखी बरीच जनुकं निघाली. त्यांना टीएलआर-१, टीएलआर-२ असे क्रमांक पडले. कोणाचं काम काय, हे मात्र क्रमांकावरून कळत नाही. अकिरांच्या गटानं सरळ पण फार चिकाटीचा रस्ता धरला: एकेक जनुक काढायचं, त्या जनुकाविना उंदीर जन्माला घालायचा, आणि त्याला काय जमत नाही ते पाहायचं.

[दृश्य: पेशींच्या बशा. पिपेट. इन्क्युबेटरचं दार उघडतं.]

आता हे होतं कसं, ते नीट पाहू. हे काम सहसा कोणी दाखवत नाही.

आधी डीएनएचा एक तुकडा बनवतात. त्याची दोन्ही टोकं मूळ जनुकाशी हुबेहूब जुळतात. मधला भाग बदलून तिथे निओमायसिनच्या जातीच्या औषधाला दाद न देणारं जनुक बसवलेलं असतं. विजेचा झटका देऊन हा तुकडा मूलपेशींत घुसवतात. मग बशीत तेच औषध घालतात. ज्यांच्यात तुकडा शिरला नाही त्या पेशी मरतात. जगलेल्यांमध्येही बहुतेकींत तो भलत्याच ठिकाणी बसलेला असतो. म्हणून एकेक वसाहत उचलायची, वाढवायची, तिचा डीएनए तपासायचा. शेकडो वसाहतींतून योग्य अशा मोजक्याच हाती लागतात.

[दृश्य: अ‍ॅनिमल हाऊस. पिंजऱ्यांच्या रांगा, प्रत्येकावर कार्ड. निळ्या गाउनमधल्या ताई पिंजरा बाहेर काढतात.]

पेशी टोचलेली भ्रूणं दत्तक आईच्या गर्भाशयात ठेवतात. सुमारे सतरा दिवसांत पिल्लं होतात, आणि आठवडाभरानं अंगावर लव दिसू लागते.

[दृश्य: काळ्या अंगावर तपकिरी पट्टे असलेलं पिल्लू. क्लोज-अप. इथे निवेदन थांबू द्यावं.]

काळा रंग भ्रूणाचा, तपकिरी रंग टोचलेल्या पेशींचा. दोन वंश एकाच देहात. पण अजून नॉकआउट, म्हणजे त्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असलेला उंदीर, झालेला नाही. या नराची जोडी काळ्या मादीशी लावतात. तपकिरी पिल्लं झाली तर समजायचं की टोचलेल्या पेशींपासून शुक्राणू तयार झाले. त्यांतल्या साधारण निम्म्या पिल्लांत निकामी प्रत येते. अशा नर-मादीची जोडी लावली की चारात एक पिल्लू दोन्ही प्रती निकामी घेऊन जन्मतं. कोणतं, ते शेपटीच्या टोकाचा कण घेऊन तपासतात.

रोज पाणी, भुसा, जन्मतारखांची नोंद, कोणाची जोडी कोणाशी. एखादं कार्ड चुकलं तर कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते. शोधनिबंधावर या ताईंचं नाव क्वचितच छापलं जातं. छापलं जायला हवं.

[दृश्य: छिद्रांची प्लेट. काही छिद्रं पिवळी, काही रंगहीन.]

हा निकाल. पेशी जाग्या झाल्या की छिद्र पिवळं होतं. डावीकडे नेहमीच्या उंदराच्या पेशी, उजवीकडे टीएलआर-९ नसलेल्या उंदराच्या. वरच्या ओळीत दोघांनाही जिवाणूच्या कवचातलं एंडोटॉक्सिन दिलं. दोन्हीकडे पिवळं, म्हणजे नॉकआउट उंदराच्या पेशी दुबळ्या नाहीत. खालच्या ओळीत तो सी-जी असलेला डीएनए दिला. डावीकडे पिवळं. उजवीकडे काहीच नाही.

ओसाकाच्या गटानं डिसेंबर २००० मध्ये हेच जगापुढे ठेवलं. ती खूण टीएलआर-९ वाचतं. पुढे हेही स्पष्ट झालं की ते ती पेशीच्या पृष्ठभागावर नाही, तर आत, गिळलेलं सामान जिथे विरघळतं त्या पुटिकांमध्ये वाचतं. हे उंदीर पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत गेले. जन्मजात प्रतिकारशक्तीसाठी २०११ चं नोबेल दिलं गेलं, तेव्हा अकिरांचं नाव त्यात नव्हतं. आमच्या मते ते असायला हवं होतं.

[दृश्य: शाळेतलं लसीकरण. रांगेत उभी मुलं.]

१६ मार्च २०२२ पासून देशभरात बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना कोविडची जी कोर्बेव्हॅक्स लस दिली गेली, तिच्यात तुरटीच्या जातीच्या क्षारासोबत हाच सी-जी असलेला डीएनए घातलेला आहे.

[दृश्य: पुन्हा अ‍ॅनिमल हाऊस. रिकामा पिंजरा धुतला जातोय.]

प्रयोगासाठी प्राणी-नीती समितीची परवानगी लागते. प्रयोग संपल्यावर बहुतेक उंदीर मारले जातात.

[दृश्य: दोन संगणक, दोन आलेख. तरुण संशोधिका बोट दाखवते.]

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे इथे कोणी विसरत नाही. उंदराचं टीएलआर-९ ज्या अक्षरक्रमाला सर्वांत जास्त दाद देतं, माणसाचं त्याहून थोड्या वेगळ्या क्रमाला देतं. ल्युपस म्हणजे संरक्षणदळ स्वतःच्याच शरीरावर उलटतं तो आजार. त्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांतून हे जनुक काढलं, तर आजार कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

आणि एक गोष्ट या उंदरांनीच उघड केली. टीएलआर-९ नसलेल्या पेशीच्या आतल्या द्रवात थेट डीएनए सोडला, तर ती तरीही जागी होते. म्हणजे आणखी एक संवेदक होता. तो सीगॅस. अमेरिकेत डॅलसमध्ये झिजियान चेन यांच्या गटानं २०१३ मध्ये तो शोधला, आणि त्याच वर्षी सीगॅस नसलेला उंदीरही तयार झाला.