माडावरची मनी

(दृश्य : गुहागरातलं एक आगर, पहाट. पोफळींच्या रांगेतून कॅमेरा वर सरकतो. माडाच्या शेंड्यात एक पांढरा ठिपका.)

कावळ्यांचा हा गोंगाट जरा बाजूला सारून ऐका. मधूनच एक चिरका, लांबट आवाज येतो. ती मनी. काल संध्याकाळी शेजारच्या वाडीतला कुत्रा मागे लागला आणि समोर दिसला त्या माडावर ती सरसर चढली. माड चाळीसेक फूट उंच. रात्र तिनं झावळ्यांच्या बेचक्यात बसून काढली आणि माझ्या आत्यानं पडवीत बसून.

आंब्यावर किंवा फणसावर चढली असती तर एवढं नडलं नसतं. मांजर या फांदीवरून त्या फांदीवर येतं, मधे बसतं, अंग चाटतं, पुन्हा थोडं उतरतं. माडाला मधे टेकायला जागाच नाही. खालपासून वरपर्यंत एकच खांब.

(दृश्य : मांजराचा पंजा, अगदी जवळून.)

हे नख बघा. मासे धरायच्या गळासारखं वळलेलं. चढताना अंगाचं वजन खाली ओढतं, तसा हा गळ खोडात आणखी रुततो. तेच डोकं खाली करून निघालं, की गळाचं टोक भलत्या बाजूला होतं, पकड सुटते. खारीचं बरं असतं. तिचे मागचे पाय घोट्यातून मागे फिरतात, म्हणून ती उलटी लटकून खाली धावू शकते. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात मार्गे नावाचं एक छोटं रानमांजर आहे, त्यालाही हे जमतं. मनीला नाही. तिला शेपूट खाली, तोंड वर असं पाठमोरंच उतरावं लागणार, दिसत नसलेल्या खोडावर मागचा पाय चाचपत. आणि चाळीस फुटांवर बसलेल्या घाबरलेल्या जिवाला जमिनीकडे पाठ करायला लावणं, सगळी अडचण ती आहे.

(दृश्य : खळं. माणसं जमली आहेत. सगळ्यांच्या माना वर.)

सात वाजेपर्यंत खळ्यात पंधरा माणसं. कुणी म्हणालं, पाण्याचा पाइप मारा. एका पोरानं तर खडाही उचलला होता. आणि एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, ‘‘पडेना का! मांजर पडतं ते पायांवरच.’’

यात खोटं काही नाही. एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1894 साली पडणाऱ्या मांजराची एकामागून एक छायाचित्रं काढली, त्यात ते हवेतल्या हवेत अंग फिरवून पाय खाली आणताना स्पष्ट दिसतं. पण पायांवर पडलं म्हणजे लागलं नाही, असं नव्हे. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांची नोंद 1987 साली प्रसिद्ध झाली. त्यातली सुमारे 90 टक्के वाचली, हा आकडा लोक मोठ्या उत्साहानं सांगतात. ही मांजरं दवाखान्यापर्यंत पोचलेली होती, हे सांगायचं राहून जातं. जी रस्त्यावरच गेली, ती त्या हिशेबात येणार कुठून? आणि वाचलेल्यांमध्येही छातीला मार, फुटलेले जबडे, मोडलेले पाय होतेच.

आत्यानं वाद घातला नाही. ‘‘चहा टाकलाय, मागच्या पडवीत चला सगळे,’’ एवढंच म्हणाली. पाच मिनिटांत खळं रिकामं. शेजाऱ्यांना सांगून कुत्राही बांधून घातला. माझ्या मते त्या दिवशीचं सगळ्यात मोठं काम हेच झालं. घोळका बघून मांजर वरच जातं, खाली नाही.

मग तिनं निखाऱ्यावर दोन सुके बोंबील भाजले आणि ताटली माडाच्या बुंध्याशी ठेवली. आपण लांब, पोफळीला टेकून बसली. रोज ज्या स्वरात जेवायला बोलावते, त्याच स्वरात हाका मारत राहिली.

(दृश्य : माडाचं खोड. बराच वेळ काहीच होत नाही.)

सव्वानऊच्या सुमारास मनी वळली. एक मागचा पाय खाली आला. मग दुसरा. चार-पाच फूट उतरली असेल, आणि बाहेर रस्त्यावर मोटरसायकलनं हॉर्न दिला. परत शेंड्यात.

थांबायचं तरी किती? धडधाकट, मोठं मांजर रात्रीच्या शांततेत पुष्कळदा आपोआप उतरतं, एक रात्र वाट बघायला हरकत नसते. पिल्लू असेल, जखम असेल, पाऊस किंवा रणरणतं ऊन असेल, तर नाही. मनीची एक रात्र झाली होती आणि ऊन चढत होतं. जवळून विजेची तार गेली असती तर आम्ही शिडीलाही हात लावला नसता. तिथे आधी 1912 वर फोन करून वीज बंद करून घ्यायची. शहरात अग्निशमन दलाचा 101 असतो. आमच्याकडे नारळ पाडणारा गडी असतो. गोव्यात त्यालाच पाडेली म्हणतात.

(दृश्य : पायांत दोरीचा वेढा घालून माणूस माडावर चढतो.)

तो आला, वर बघितलं आणि पहिलंच वाक्य बोलला, ‘‘आत्यानू, मी मांजराक हात लावूचंय नाय.’’ बरोबरच होतं. एका हातानं माड, दुसऱ्या हातात नखं काढलेलं मांजर, म्हणजे दोघंही खाली.

मग आत्याला शिंकं आठवलं. दूध-लोणी मांजरापासून वाचवायला जे आढ्याला टांगायचे, ते. त्यात पाटी ठेवली, पाटीत तिचं नेसून जुनं झालेलं लुगडं आणि उरलेला बोंबील. गड्यानं वर जाऊन झावळीच्या जाड देठावरून दोरी टाकली, पाटी मनीपासून हातभर अंतरावर टांगली आणि गुपचूप उतरून आला.

पहिल्या खेपेला ती आत शिरली, पण दोरीला हिसका बसला आणि टुणकन बाहेर. चूक माझी, दोरी माझ्या हातात होती. मग अर्धा तास कुणी काही केलं नाही. दुसऱ्या खेपेला ती लुगड्यावर चक्क मुटकुळं करून बसली. दोरी सोडायला आता गडी होता. वीत, वीत, थांबा. वीत, वीत, थांबा.

(दृश्य : पाटी खाली येते. जमिनीपासून चार फुटांवर मनी उडी मारते आणि घरात पळते.)

झाडाला फांद्या असत्या तर एवढा खटाटोप लागला नसता. शिडीला गोणपाट गुंडाळून तिरकी टेकवली, की मांजराला नखं रोवायला मिळतात. शेवग्यावर मात्र माणसानं चढू नये. त्याची फांदी वजन पडताच काडकन मोडते.

मनी दुपारभर कणगीमागे बसून राहिली. पाणी प्यायली, खाल्लं काही नाही. तोंड उघडं टाकून धापत नव्हती, लंगडत नव्हती, म्हणून गुरांच्या डॉक्टरांकडे धावलो नाही. ओढून बाहेर काढायला गेलेल्या आत्याच्या मनगटावर मात्र तीन ओरखडे उठले. ते साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुतले आणि रेबीजच्या लसीसाठी तिला आरोग्य केंद्रात नेलं. ‘‘घरच्याच मांजराचं,’’ असं ती वाटभर म्हणत होती.

(दृश्य : दुसरा दिवस. माडाच्या खोडाभोवती पत्रा ठोकला जातोय.)

उंदीर वर चढून कोवळे नारळ पोखरतात, म्हणून माडाला असा गुळगुळीत पत्रा ठोकायची रीत आहे. या माडाला आजवर तो नव्हता. आत्या खाली उभी राहून गड्याला सांगतेय, आणखी थोडा रुंद घे. पडवीच्या कौलांवर बसून मनी ते बघतेय.