थंडी सरताना, पीठ फुगताना

(दृश्य : पानं गळलेलं झाड. फांदीच्या टोकाशी कळ्या.)

झाड अजून उघडंबोडकंच दिसतंय. पण फांदीच्या टोकाकडे नीट पाहा. कळ्या टपोऱ्या झाल्यात, त्यांच्या तपकिरी खवल्यांना फट पडलीय आणि आतला हिरवा रंग डोकावतोय. वसंत अजून पोचला नाही, पण वाटेला लागलाय. त्याच्याच वाटेने आज आपण गव्हाच्या दाण्यापर्यंत आणि घरच्या पौष्टिक बेकिंगपर्यंत जाणार आहोत.

(पक्ष्यांचे आवाज.)

पहाटेच्या पक्ष्यांचंही तसंच. हवेत गारठा असतो, तरी त्यांचं गाणं रोज थोडं लांबत जातं. त्यांना कळतो तो दिवसाचा लांबलेला उजेड. पक्ष्यांच्या मेंदूत अगदी खोलवर प्रकाश ओळखणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपलेला उजेड थेट त्यांच्यापर्यंत पोचतो. दिवस पुरेसा मोठा झाला की शरीरातली संप्रेरकं वाढतात आणि नर गाऊ लागतात.

हेझेल या थंड प्रदेशातल्या झाडावर पानं फुटायच्या आधीच पिवळे तुरे लोंबू लागतात. त्याचे परागकण वाऱ्यावर जातात. पानांची दाटी झाली की वाऱ्याची वाट अडते, म्हणून ही लगबग. स्नोड्रॉप आणि क्रोकस या थंडी सरताना उमलणाऱ्या फुलझाडांची भिस्त जमिनीखालच्या साठ्यावर. मागच्या वर्षी साठवलेल्या अन्नावर ते फुलतात.

माणसं या खुणा फार पूर्वीपासून टिपत आलीत. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये रॉबर्ट मार्शम या निसर्गअभ्यासकाने १७३६ साली अशा नोंदी सुरू केल्या. जपानमधल्या क्योतो शहरातल्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर थेट नवव्या शतकापर्यंत मागे जातात. २०२१ मध्ये तिथे २६ मार्चलाच बहर भरात आला. बाराशे वर्षांच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. ऋतू बदलतोय, आणि ते सांगायला फुलं पुरेशी आहेत.

(दृश्य : थंडीतलं शेत. गवतासारखी बुटकी रोपं.)

आता हे शेत. हे गवत नाही, हा गहू आहे. हिवाळी गहू थंडीच्या आधी पेरतात. तो उगवतो, जमिनीलगत राहतो आणि थांबतो. साधारण शून्य ते दहा अंश सेल्सिअसची थंडी त्याला काही आठवडे मिळावी लागते. ती मिळाली नाही, तर वसंतात त्याला वेळेवर ओंबी धरत नाही. वनस्पतिशास्त्रात याला वासंतीकरण म्हणतात. जगातला बराच ब्रेड या थांबण्यातून येतो. घरच्या बेकिंगचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो, कारण पौष्टिक बेकिंग म्हटलं की आपण आधी काय वगळायचं त्याची यादी करतो. दाण्यातून जे आधीच वगळलं गेलंय, ते परत आणायचं आपल्याला सुचत नाही.

(दृश्य : गव्हाचा उभा कापलेला दाणा, अगदी जवळून.)

दाण्याचे तीन भाग. बाहेर कोंडा, त्यात बहुतेक तंतू (फायबर) आणि खनिजं. तळाशी इवलासा अंकुर, त्यात तेल आणि ई जीवनसत्त्व. उरलेला मोठा पांढरा भाग स्टार्च आणि प्रथिनांचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिरत्या रूळांमधून धान्य दळणाऱ्या गिरण्या आल्या आणि कोंडा नि अंकुर बाजूला काढणं सोपं, स्वस्त झालं. अंकुरातलं तेल खवट होतं, ते काढल्यावर मैदा महिनोन्महिने टिकतो. व्यापाराला ते सोयीचं होतं. पण ज्या भागातून नवं रोप फुटतं, नेमका तोच आपल्या पिठातून गेला.

(दृश्य : परातीत पीठ, पाणी, हात.)

म्हणून पहिला प्रयोग पिठाचा. मैद्याचा पाव हिस्सा काढून तिथे अख्ख्या गव्हाचं पीठ घ्या. जमलं की अर्ध्यापर्यंत जा. दोन अडचणी येतील. कोंडा पाणी जास्त पितो आणि त्याच्या धारदार कणांनी ग्लुटेनची, म्हणजे पीठ ताणून धरणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाची, जाळी तुटते. पाणी थोडं वाढवा, आणि मीठ-यीस्ट घालायच्या आधी पीठ नुसतं पाण्यात कालवून अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा मऊ पडतो, ग्लुटेन आपलं आपण जुळू लागतं. ही पद्धत रेमों काल्व्हेल या फ्रेंच तज्ज्ञाने रूढ केली.

आंबटखमिराचा (सावरडो), म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या विरजणाने फुगवलेला ब्रेड करत असाल, तर आणखी एक फायदा पदरात पडतो. कोंड्यातलं फायटिक आम्ल लोह आणि जस्त धरून ठेवतं. पीठ सावकाश आंबलं की ते आम्ल बरंचसं मोडतं आणि ही खनिजं शरीराला मिळू लागतात. घाईघाईत फुगवलेल्या ब्रेडमध्ये हे तितकं घडत नाही.

(दृश्य : साखरेचं भांडं, वजनकाटा.)

साखरेशी मात्र जपून वागावं लागतं. केकमध्ये ती फक्त गोडीपुरती नसते. ती ओलावा धरते, लोण्याबरोबर फेटताना हवा अडकवते, अंडी आणि स्टार्च घट्ट होणं लांबवते, म्हणून केक हलका होतो. वरचा सोनेरी रंगही बराचसा तिच्यामुळे येतो. एकदम अर्धी साखर काढली, तर केक कोरडा, फिकट आणि दडस होतो. एक चतुर्थांश कमी केली, तर बहुतेक केक ती उणीव पचवतात. कुस्करलेलं पिकलेलं केळं घातलं तर ओलावा भरून निघतो आणि थोडे तंतूही मिळतात.

साखरेऐवजी मध घातला की केक पौष्टिक झाला, हे समाधान मात्र खोटं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मध आणि पाक हीसुद्धा मुक्त शर्कराच, म्हणजे वरून घातलेल्या साखरेच्याच गटातली. तिची २०१५ ची शिफारस अशी : दिवसभरातल्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी मुक्त शर्करा. २००० कॅलरींच्या आहारात ती ५० ग्रॅमच्या आत राहायला हवी. केकची एक मोठी फोड त्यातला किती वाटा खाते, याचा अंदाज काट्यावर साखर मोजतानाच येतो.

लोण्याच्या जागी तेल चालतं, पण वजनाला वजन नाही. लोण्यात साधारण ८० टक्केच स्निग्धांश असतो, बाकी मुख्यतः पाणी. १०० ग्रॅम लोण्याला ८० ग्रॅम तेल पुरतं. संपृक्त चरबी घटते, केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. बिस्किटांत मात्र हा बदल करू नका. तिथला खुसखुशीतपणा घट्ट लोण्याचाच, आणि तो घालवण्यापेक्षा बिस्किटं लहान करावीत, असं माझं मत आहे.

(दृश्य : खिडकीतून ऊन, झाकलेलं भांडं, फुगलेलं पीठ.)

या दिवसांत स्वयंपाकघरही हळूहळू उबदार होत जातं. ते तुमच्याआधी यीस्टला कळतं. थंडीत ज्या पिठाला फुगायला दोन तास लागत होते, ते आता लवकर वर येईल. घड्याळाकडे पाहू नका, पिठाकडे पाहा. बोटाने हलकेच दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा, सावकाश भरला तर ओव्हन तापवा. ऊब फारच वाढली, तर यीस्ट थोडं कमी करा किंवा पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. थंडीत ते हळू फुगेल आणि चवही जास्त मुरेल.