आधी पट्टी, मग नरसाळं

(सकाळ. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. शटर वर जाण्याचा आवाज.)

सकाळचे नऊ वाजलेत. उद्यमनगरात लेथ फिरायला लागलेत, चहाची पहिली फेरी झालीय. मामांच्या गॅरेजच्या दारात एक जुनी ऑटोमॅटिक गिअरची गाडी उभी आहे. मालक काल गगनबावड्याचा घाट करून आलाय आणि तेव्हापासून बेचैन आहे. लिव्हर 'डी'वर (ड्राइव्ह) टाकलं की गाडी जरा थांबते, मग दणका देऊन निघते. चढाला इंजिन नुसतं रेस होतं, गाडी ओढत नाही.

त्याच्या हातात तेलाचा डबा तयारच आहे.

"मामा, गिअरचं ऑइल कमी झालंय. लिटरभर ओतूया काय?"

"डबा ठेव खाली. पट्टी बघूया आधी."

पट्टी म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक. इंजिन ऑइल आपण इंजिन बंद करून बघतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचं बहुतेक गाड्यांत नेमकं उलटं. इंजिन चालू असतं तेव्हा पंप तेल उचलून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि नळ्यांमध्ये खेळवत असतो. बंद केलं की त्यातलं बरंचसं खाली चेंबरमध्ये उतरतं आणि पट्टी खोटं बोलते, पातळी आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. होंडाची तऱ्हा मात्र वेगळी. तिच्या बऱ्याच गाड्यांत तेल गरम करून, इंजिन बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. म्हणून गाडीचं पुस्तक आधी.

(गाडी रंकाळ्याकडून वळून परत येते.)

तेल तापलं की फुगतं. म्हणून मामा आधी चक्कर मारून आले. आता गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर. लिव्हर पी (पार्क), आर (रिव्हर्स), एन (न्यूट्रल), डी असा प्रत्येक ठिकाणी क्षणभर थांबवत परत पी वर. इंजिन सुरूच.

(जवळून: पट्टी बाहेर येते.)

पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवर विश्वास ठेवायचा नाही, नळीला लागलेलं तेलही तिच्यावर आलेलं असतं. स्वच्छ कापडानं पुसायची. वेस्ट (पुसायचा सुती दोऱ्यांचा गुंता) नको, त्याचे धागे आत गेले तर वॉल्व्हमध्ये अडकतात. पट्टी पूर्ण आत घालून पुन्हा काढायची. खुणा दोन जागी आहेत, गार आणि गरम. तेल गरम खुणेच्या खाली आहे.

मामा एक थेंब पांढऱ्या कागदावर टेकवतात. चांगलं तेल कोकमासारखं लाल, आरपार दिसणारं. हे काळपट तपकिरी झालंय, पण करपल्याचा वास नाही. तो असता तर क्लचच्या प्लेटा जळाल्या म्हणायच्या, आणि मग नुसतं तेल ओतून काही होत नाही. आणखी एक रंग मामांनी २०१९च्या महापुरानंतर पाहिला: फिकट गुलाबी, दुधाळ. गिअरबॉक्समध्ये पाणी शिरलेलं. "तांबडा नि पांढरा रस्सा एकाच वाटीत ओतल्यागत," ते सांगतात.

मग डब्याची पाळी. मामा चष्मा लावून बारीक अक्षरं वाचतात. पुस्तकात डेक्सरॉन लिहिलंय, म्हणजे ऑटोमॅटिकच्या तेलाचा एक प्रकार; डब्यावरही तेच. जुळलं नसतं तर डबा तसाच परत गेला असता. सीव्हीटीचं, म्हणजे गिअरच्या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिकचं, तेल वेगळं. एएमटी तर मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच-गिअर यंत्र बदलतं; तिला हे लाल तेल सहसा चालत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांना पट्टीच नसते. तिथं तेलाचं तापमान स्कॅनरवर बघत खालचा नट खोलावा लागतो. ते घरी करायचं काम नव्हे.

पट्टीच्याच नळीत लांब नरसाळं. पाव लिटर. थांबायचं, लिव्हर पुन्हा फिरवायची, पुन्हा पट्टी. खुणेच्या वर गेलं तर फिरणारे भाग तेल घुसळतात, फेस होतो. फेसात हवा, हवेला दाब धरवत नाही, आणि गाडी पुन्हा तशीच घसरते.

अजून थोडं घातल्यावर पातळी खुणेवर आली. मालक पाकीट काढतो.

"थांब की. गेलं कुठं तेल ते?"

गिअरबॉक्स तेल खात नाही. कमी झालं म्हणजे कुठून तरी गळलं.

(बॅटरीचा उजेड. गाडीखाली.)

तेल गार करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या जोडावर ओल, तिच्यावर घाटातली धूळ चिकटलेली. मामा जोड पुसून कोरडा करतात, क्लॅम्प बदलतात आणि कोपऱ्यातला एक पुठ्ठा मालकाच्या हातात देतात.

"रात्री गाडीखाली टाक. सकाळी फोटो पाठव."